झाकणवाला कोळशाचा बार्बेक्यू: दोन हिवाळे वापरून झाल्यावर लिहितेय

गेल्याच्या गेल्या वर्षी दिवाळी सेलमध्ये ऑनलाइन घेतला होता. गोल आकाराचा, अठरा इंची, तीन पाय, वर झाकण, झाकणाला आणि बुडाला हवेसाठी एकेक छोटी खिडकी, खाली एक जाळी कोळशाची आणि वर एक जाळी भाजायची. तेव्हा ३,४०० रुपयांना पडला. आम्ही नाशिकला रो-हाउसमध्ये राहतो, वर गच्ची मोकळी आहे, त्यामुळे जागेचा प्रश्न नव्हता. पाचपैकी तीन स्टार देतेय. चवीला पाचपैकी पाच, त्यात काही वादच नाही, दोन स्टार कापलेत ते सेफ्टीसाठी, आणि त्याबद्दलच सविस्तर लिहायचंय, कारण घेताना मी साठ-सत्तर रिव्ह्यू वाचले असतील पण सगळे पॅकिंग छान होतं, डिलिव्हरी बॉय चांगला होता, कबाब मस्त झाले एवढंच लिहिणारे. स्वयंपाक संपल्यावर त्या निखाऱ्यांचं काय करायचं हे एकानेही लिहिलं नव्हतं. आणि आमच्या घरी जे झालं ते स्वयंपाक संपल्यावरच झालं.

पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट, जानेवारी. नणंद, भावोजी आणि त्यांची दोन मुलं डोंबिवलीहून आली होती. निफाडची थंडी तुम्हाला माहितीच आहे, नाशिकातही त्या आठवड्यात दात वाजत होते. गच्चीवर साडेदहापर्यंत आमचं चिकन, कणसं, पनीर सगळं उरकलं. गच्चीला लागून एक खोली आहे, पत्र्याचं दार आणि एकच खिडकी, तिथे चारही मुलांच्या गाद्या घातल्या होत्या. बार्बेक्यूत निखारे अजून चांगले लालबुंद होते, वर राखेचा पांढरा थर, धूर अजिबात नाही. भावोजी म्हणाले एवढे निखारे वाया कशाला घालवायचे, पोरांना ऊब मिळेल, आणि नवऱ्याने आणि त्यांनी मिळून तो अख्खा बार्बेक्यू उचलून खोलीत कोपऱ्यात नेऊन ठेवला. वारा येतो म्हणून दार लावलं, खिडकी तर आधीच बंद होती. मी खाली भांडी आवरत होते, मला काही पत्ता नाही.

अर्ध्या-पाऊण तासाने मी पाण्याच्या बाटल्या द्यायला वर गेले, माझ्या मागोमाग आई (सासूबाई) हळूहळू जिना चढत गोधडी घेऊन आल्या. दार उघडलं तर आत छान ऊबदार, वास म्हणाल तर काहीही नाही. मी आत पाय टाकणार तेवढ्यात आईंना कोपऱ्यातला लाल उजेड दिसला आणि त्या दारातूनच ओरडल्या, "निखारे आत कुणी आणले? जावईबापू, आधी ती शेगडी बाहेर घ्या! अगं पोरांना उठव, खिडकी उघड!" मोठी भाची जागी होती, म्हणाली मामी माझं डोकं खूप दुखतंय. माझा धाकटा तर हलवून हलवून उठेना, उठला तो असा गुंगीत, पाय लटपटत होते, बाहेर आणल्या आणल्या उलटी केली. चौघांना तसंच स्वेटर-गोधड्यांत गुंडाळून मोकळ्या हवेत बसवलं आणि पंधरा मिनिटांत गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं. तिथे ऑक्सिजन लावला, पहाटेपर्यंत ठेवून घेतलं. चौघंही ठणठणीत घरी आले. पण ती रात्र मी विसरणार नाही, अजूनही मुलांच्या खोलीचं दार बंद दिसलं की मी एकदा उघडून बघते.

डॉक्टरांनी जे समजावलं ते इथे सांगते. कोळसा जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो, त्याला ना रंग ना वास, डोळ्यांनाही चुरचुरत नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे आपण श्वास घेतोय पण शरीराला ऑक्सिजन पोचतच नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, मग झोप येते, आणि रात्रीची वेळ असली की माणसाला वाटतं दमलोय म्हणून झोप येतेय. आपली समजूत अशी असते की धूर असेल तर धोका, धूर संपला की निखारा म्हणजे नुसती ऊब. हे अगदी उलटं आहे. धुराने निदान खोकला येतो, माणूस उठून बाहेर पळतो. धगधगत्या निखाऱ्यातून वायू येतच राहतो आणि कुणाला कळत नाही. दर हिवाळ्यात उत्तरेकडच्या बातम्या येतात ना, बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, तो हाच वायू.

नंतर मी आईंना विचारलं की तुम्हाला एका नजरेत कसं कळलं. म्हणाल्या, आमच्या वेळी बाळंतिणीला शेक द्यायला शेगडी असायची, पण ती पेटवायची बाहेर ओट्यावर, आत आणली तरी दाराची एक फळी कायम उघडी, आणि शेक झाला की शेगडी अंगणात, रात्री आत ठेवायची नाही म्हणजे नाही, माझ्या सासूने बजावून ठेवलं होतं. अर्थात डॉक्टरांनी हेही सांगितलं की फळी उघडी ठेवणं पुरेसं नाही, निखारे छपराखाली आणूच नका. खोलीत नाही, बंद गॅलरीत नाही, गॅरेजमध्ये नाही. भंडारदऱ्याला वगैरे कॅम्पिंगला जाणारे रात्री थंडी वाजते म्हणून टेंटच्या आत घेतात, तेही नाही. परत येताना अर्धवट विझलेला बार्बेक्यू गाडीच्या डिकीत टाकतात, तेही नाही.

आता यात कंपनीचा काय दोष असं कुणी म्हणेल. दोष हा की बॉक्समध्ये जो एक कागद आला त्यावर पाय कसे फिट करायचे त्याची सहा चित्रं होती आणि बस. घरात वापरू नका, बंद जागेत नेऊ नका, असं एक वाक्य नाही, डब्यावर एक स्टिकर नाही. एवढं छापायला काय खर्च येतो? पहिला स्टार तिथे कापला.

दुसरा स्टार झाकणाच्या मुठीसाठी. मूठ नुसत्या स्टीलची आहे, लाकूड नाही, बॅकेलाइट (कुकरच्या मुठीचं ते न तापणारं काळं कडक प्लास्टिक) नाही, खाली उष्णता अडवायला पत्रासुद्धा नाही. दहा मिनिटं झाकण लावून ठेवलं की ती मूठ इस्त्रीसारखी तापते. दुसऱ्यांदा वापरला तेव्हा मॅरिनेशनमधलं तेल आणि वरून लावलेलं बटर निखाऱ्यावर गळलं आणि भप्पकन जाळ झाला. अशा वेळी झाकण लावून हवेच्या खिडक्या बंद करायच्या की जाळ आपोआप बसतो, पाणी अजिबात मारायचं नाही, पाण्याने गरम वाफ आणि राख तोंडावर उडते आणि पेटलेलं तेल पसरतं. नवऱ्याने बरोबर तेच केलं, झाकण लावलं, पण नंतर उघडताना उघड्या हाताने मूठ धरली. तळहातावर मुठीची आडवी रेघ जशीच्या तशी उमटली.

तेव्हा घरातून तीन सल्ले आले, टूथपेस्ट, बर्फ आणि हळद. मी तिन्ही बाजूला ठेवले आणि आधी त्याच्या बोटातली अंगठी काढली, कारण हात सुजला की ती निघत नाही, मग कापून काढावी लागते. आणि गच्चीवरच्या नळाखाली हात धरायला लावला, वीस मिनिटं, मोबाइलवर टायमर लावून. पाच मिनिटांत आग कमी झाली म्हणून तो हात काढायला बघत होता, नाही काढू दिला, कारण वरची कातडी गार वाटली तरी आतली उष्णता निघायला वेळ लागतो. साधं वाहतं गार पाणी, बर्फ नाही, बर्फाने भाजलेल्या कातडीला आणखी इजा होते. टूथपेस्ट लावली की उष्णता आत कोंडते आणि डॉक्टरला जखम नीट दिसतही नाही, आधी ते खरवडून काढावं लागतं. एक छोटा फोड आला फक्त, आठ दिवसांत भरला.

त्यानंतर मी हार्डवेअरच्या दुकानातून वेल्डिंगवाले वापरतात ते चामडी हातमोजे आणले, कोपरापर्यंत येतात. ऑनलाइन मिळणाऱ्या शोभेच्या बार्बेक्यू ग्लोव्हजपेक्षा हे शंभर पटींनी चांगले, एक मात्र, ओले झाले तर वापरायचे नाहीत, ओल्या मोज्यातून चटका लगेच बसतो. चिमटाही लांब दांड्याचा घेतला. पोळ्यांच्या चिमट्याने बार्बेक्यूवर काम करणाऱ्यांनी कृपा करून ते थांबवा, मनगटावरचे केस जळतात म्हणजे हात किती जवळ आहे ते बघा. आणि ओढणी, नायलॉनचा गाऊन, लोंबती साडी घालून तिथे उभं राहू नका, मी सुती कुर्ता, बाह्या वर दुमडून आणि केस वर बांधूनच जाते. सिंथेटिक कपडा पेटला की वितळून अंगाला चिकटतो.

पेटवण्याबद्दल. या मॉडेलसोबत पेटवायला काहीच येत नाही, आणि खरी भानगड तिथेच सुरू होते. कोळसा लवकर धरत नाही म्हणून लोक रॉकेल, पेट्रोल, थिनर, हाताला येईल ते ओततात. आमचा कॉलेजात जाणारा पुतण्या बाथरूममधून सॅनिटायझरची मोठी बाटली घेऊन आला होता, कोळसा विझल्यासारखा दिसत होता म्हणून. बाटली त्याच्या हातातून काढून घेतली आणि त्याला दाखवलं, एक कोळसा चिमट्याने उलटा केला, खालून लाल होता. म्हणजे ओतलं असतं तर वाफ पेटून ज्योत धारेवरून थेट बाटलीपर्यंत गेली असती. आणि सॅनिटायझरमधल्या स्पिरिटची ज्योत फिकट निळी असते, दिवसाउजेडी तर दिसतही नाही, माणसाला वाटतं पेटलंच नाही म्हणून तो आणखी ओततो.

मी आता चिमणी स्टार्टर वापरते, लोखंडी नळकांडं असतं, खाली दोन वर्तमानपत्रांचे बोळे, वर कोळसा, एक काडी लावली की वीस-पंचवीस मिनिटांत सगळा कोळसा वरून करडा होतो, तेव्हा तो जाळीखाली ओतायचा. मला अकराशे रुपयांना पडलं, पण हे नसेल तर बार्बेक्यू घेऊच नका असं मी सांगेन. घाई असेल तर फुंकणी किंवा पुठ्ठा, हेअर ड्रायर नको, ठिणग्या उडतात. कोळसा लाकडीच घ्या, बाभळीचा मिळाला तर उत्तम, बराच वेळ टिकतो, आणि कोरडा असू द्या, ओलसर कोळसा तडतडून फुटतो आणि तुकडे अंगावर येतात. दगडी कोळसा खाण्याच्या कामाचा नाही, गंधकाचा धूर येतो.

जागा हा आमच्या गच्च्यांचा मोठा घोटाळा आहे. नीट बघा तुमच्या गच्चीवर काय काय आहे. प्लास्टिकची पाण्याची टाकी, कपड्यांच्या दोऱ्या, झाडांवर लावलेली हिरवी शेड नेट, ताडपत्री, कोपऱ्यात जुनी गादी आणि फर्निचर. ही हिरवी नेट आणि ताडपत्री एका ठिणगीवर पेट घेते. मुंबईत कमला मिल्सला २९ डिसेंबर २०१७ ला जी आग लागली, १४ जण गेले, तिथे छतावरच्या हॉटेलात हुक्क्याच्या कोळशाच्या ठिणग्यांपासून आग लागली असं अग्निशमन दलाच्या तपासात आलं होतं. एवढासा निखारा असतो हुक्क्याचा, आपल्या बार्बेक्यूत तर दीड-दोन किलो कोळसा असतो. आम्ही आता नेट गुंडाळून ठेवतो, दोऱ्या रिकाम्या करतो, सगळ्या वस्तूंपासून निदान तीन मीटर लांब, कठड्यालाही चिकटून नाही. खाली चार विटा आणि त्यावर जुनी शहाबादी फरशी, त्यामुळे वॉटरप्रूफिंगही खराब होत नाही. शेजारी वाळूचं घमेलं आणि पाण्याची भरलेली बादली, पाणी आजूबाजूचं काही पेटलं तर, बार्बेक्यूतल्या तेलाच्या जाळावर नाही. मुलांसाठी खडूने एक गोल आखलाय, त्याच्या आत यायचं नाही, आणि कुणीतरी एक मोठं माणूस कायम तिथे उभं, फोन न बघता. या मॉडेलचे तीन पाय मुळात डुगडुगतात हेही सांगते, एका पायाचा स्क्रू आट्या गेलेलाच आला होता. कस्टमर केअरला फोटो पाठवला तर नऊ दिवसांनी नवीन पाय पाठवला, पैसे घेतले नाहीत, त्याबद्दल तक्रार नाही, पण डुगडुग आहेच, वापरायच्या आधी हलवून बघायचं.

चिकनबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. पहिल्यांदा लेग पीस बाहेरून इतके सुंदर काळपट-सोनेरी झाले होते की फोटो काढून ग्रुपवर टाकले, आणि मोडला तर हाडाजवळ कच्चा गुलाबी. बार्बेक्यूवर हे हमखास होतं कारण जाळ बाहेरून भाजतो आणि आत उष्णता पोचत नाही. म्हणून सुईचा डिजिटल थर्मामीटर घेतला, साडेचारशे रुपये, आणि माझ्या मते या सगळ्या खरेदीत सगळ्यात वसूल झालेली वस्तू तीच. चिकन सगळ्यात जाड भागात, हाडाला टेकू न देता, ७४ अंश सेल्सिअस दाखवलं पाहिजे. त्या दिवशीच्या तसल्याच दिसणाऱ्या पीसमध्ये नंतर मोजून बघितलं तर ५८ होतं! आता मी कोळसा एका बाजूला लोटते, आधी पीस बिनकोळशाच्या बाजूला झाकण लावून आतून शिजवून घेते आणि शेवटी दोन मिनिटं निखाऱ्यावर. मटणाच्या खिमा कबाबला ७१ लागतं, चिकनचा खिमा असेल तर ७४च, आणि मटणाच्या अख्ख्या पीसपेक्षा खिम्याला जास्त जपायचं कारण वरचे जंतू कुटताना आतपर्यंत गेलेले असतात.

दह्या-मसाल्यातलं चिकन फ्रीजमध्येच मुरवायचं, ओट्यावर नाही, आणि गच्चीवर एकदम सगळं आणून ठेवायचं नाही, लागेल तसं. कच्च्याचं ताट आणि चिमटा वेगळा, शिजल्याचा वेगळा, मी चिमट्यांना लाल-हिरवी चिकटपट्टी लावलीय म्हणजे पाहुण्यांनाही कळतं. उरलेलं मॅरिनेशन ब्रशने शिजलेल्या चिकनवर फासायची सवय बऱ्याच जणांना आहे, त्यात कच्च्या चिकनचं पाणी असतं, ते फेका किंवा आधी खळखळून उकळा. आमच्या आई माळकरी आहेत, त्यांच्यासाठी मी वेगळी जाळी घेतलीय, त्यांचं रताळं, कणीस, पनीर सगळ्यात आधी होतं, मग ती जाळी काढून चिकनची लावायची. जाळी घेताना एक बघा, बांधकामाची गॅल्व्हनाइझ केलेली जाळी कापून वापरू नका, तापली की जस्ताचा धूर येतो. स्टीलचीच घ्या.

घासायला तारेचा ब्रश मी फेकून दिला. त्याची तार तुटून जाळीला चिकटते आणि खाण्यातून घशात जाते. अमेरिकेत २००२ ते २०१४ मध्ये यामुळे १,६०० हून जास्त जणांना इमर्जन्सीत जावं लागलं असा अंदाज आहे. आम्ही जाळी कोमट असताना अर्धा कांदा काट्याला टोचून घासतो आणि मग नारळाची शेंडी, अगदी लख्ख निघते.

राखेचा धडा एकदा बार्बेक्यू केल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला होता. दहा तास उलटले होते, राख वरून पांढरी, हाताला गार लागेल अशी. सुपलीत भरून प्लास्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि अर्ध्या तासात डब्याच्या बुडाला मुठीएवढं भोक, खाली फरशीवर काळा डाग. राख हे पांघरूण आहे, तिच्याखाली निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. या मॉडेलला राखेचा ट्रे नाही, घेताना ट्रेवाला बघा. आता आम्ही काम झालं की झाकण आणि दोन्ही खिडक्या बंद करून ठेवतो, बाहेरच, दोन दिवस हात लावत नाही, मग पत्र्याच्या डब्यात काढून वर पाणी ओतून चमच्याने ढवळून बघतो. नुसत्या लाकडी कोळशाची राख असली तर थोडी थोडी कुंड्यांना घालते.

फ्लॅटमधल्या मैत्रिणी विचारतात आम्ही घेऊ का. गॅलरीत कोळशाचा नको, वर दुसऱ्यांच्या खिडक्या, वाळत घातलेले कपडे, आणि बऱ्याच सोसायट्यांत परवानगीही नसते. इलेक्ट्रिक ग्रिल घ्या, धुरकट चव येणार नाही पण शांतपणे खाल. फक्त तो दोन हजार वॅटचा असतो, म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास, तर गीझरच्या मोठ्या पॉइंटवरच लावा, एक्स्टेंशन बोर्डवर नाही. गॅसवाला घेतलात तर प्रत्येक वेळी जोडणीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, आणि गळती वाटली तर १९०६ हा नंबर आहे, चोवीस तास चालू.

दोन वर्षांत जाळीला एका पावसाळ्यात गंज आला, घासून तेल लावून ठेवल्यावर पुन्हा नाही आला. बाकी पत्रा जाड आहे, झाकण व्यवस्थित बसतं. मुठीची तक्रार मी दोनदा लिहिली, मेल आला की फीडबॅक पुढे पाठवलाय. तोवर मीच आमच्या कोपऱ्यावरच्या सुताराकडून सागवानाची मूठ करून घेतली, मध्ये दोन वॉशर टाकून झाकणापासून बोटभर वर उचललीय, नव्वद रुपये घेतले त्याने. आणि बार्बेक्यूच्या अंगावर मी पांढऱ्या ऑइलपेंटने लिहून ठेवलंय, "आत आणायचा नाही". बाहेरून तापतो तिथे पेंट थोडा पिवळा पडलाय पण अक्षरं वाचता येतात.